स्टार्टपेजवर सगळं लाल झालंय? होमपेज पुन्हा बसवण्याआधी हे बघा

घरच्या सर्व्हरवर जेलीफिन, नेक्स्टक्लाउड, इमिच, पाय-होल, होम असिस्टंट अशी ॲप्स वाढत गेली की कोणतं कुठल्या पोर्टवर (पत्त्यापुढच्या क्रमांकावर) आहे हे डोक्यात राहत नाही. मग माणूस स्टार्टपेज बसवतो, म्हणजे सगळ्या ॲप्सचे दुवे एका जागी मांडणारं पान. मी त्यासाठी 'होमपेज' नावाचं ॲप वापरते. ओळखीच्या बऱ्याच घरांतही मीच ते लावून दिलंय, त्यामुळे ते 'बंद पडलं' की फोन मलाच येतो. फ्लेम, होमर, डॅशी किंवा हाइमडाल वापरत असाल तर फाइलींची नावं वेगळी असतील, पण खालच्यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

फोन करणारा बहुतेक वेळा सांगतो, "कंटेनर उडवून नवीन टाकला, तरी तेच." (कंटेनर म्हणजे डॉकर नावाचं सॉफ्टवेअर ज्यात एकेक ॲप वेगळं ठेवून चालवतं तो डबा.) हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार. स्टार्टपेज म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा नावांचा फलक. बिऱ्हाड बदललं आणि पाटी तीच राहिली, यात फलकाचा काय दोष? होमपेज स्वतः क्वचित बिघडतं. त्याला दिलेला पत्ता चुकीचा झालेला असतो, नाहीतर त्याला तिथवर जायची वाट नसते.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

लक्षणं

- पानच उघडत नाही. ब्राउझर फिरत राहतो किंवा लगेच कनेक्शन नाकारल्याचं सांगतो.
- पानावर फक्त 'होस्ट व्हॅलिडेशन फेल्ड' एवढंच येतं.
- पान दिसतं, पण एकही टाइल (ॲपच्या दुव्याची चौकट) उघडत नाही.
- टाइल दाबली की ॲप नीट उघडतं, पण टाइलवरचा चालू-बंद दाखवणारा ठिपका लाल आणि विजेटच्या (ॲपकडून आणलेले आकडे दाखवणाऱ्या भागाच्या) जागी 'एपीआय एरर'.
- बरोबर उलटं: ठिपका हिरवा, विजेटमध्ये आकडे हलतायत, पण टाइल दाबली की काहीच उघडत नाही.
- लॅपटॉपवर ठीक, फोनवर नाही.
- फाइलमध्ये केलेला बदल दिसत नाही, किंवा एक अख्खा गट गायब.
- आपल्या टाइल्स सगळ्या जाऊन 'माय फर्स्ट ग्रुप' असा नमुना समोर.

यातलं चौथं आणि पाचवं लक्षण शेजारीशेजारी ठेवून बघा, घोडं कुठे पेंड खातंय ते तिथेच कळतं. टाइलवरचा दुवा तुमचा ब्राउझर उघडतो, म्हणजे तुमचा लॅपटॉप किंवा फोन. ठिपका आणि विजेट मात्र होमपेजचा कंटेनर सर्व्हरवर बसून स्वतः विचारून आणतो. विचारणारे दोन, त्यांच्या जागा दोन, आणि सर्व्हिसेस फाइलमध्ये पत्तेही दोन: 'एचरेफ' ब्राउझरसाठी, विजेटखालचा 'यूआरएल' कंटेनरसाठी. एक चालतो आणि दुसरा नाही, तर ॲप जिवंत आहे हे सिद्धच झालं. ॲपला हात लावायचा नाही. जो अडलाय त्याच्या बाजूनेच तपासायचं.

१. दुसऱ्या यंत्रावरून, थेट पत्त्याने

फुकट आणि अर्ध्या मिनिटाचं काम. ज्या ॲपची टाइल चालत नाही त्याचा आयपी आणि पोर्ट ब्राउझरमध्ये हाताने टाइप करा, उदाहरणार्थ जेलीफिनसाठी १९२.१६८.१.५० आणि पोर्ट ८०९६. मग तेच घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा फोनवर. थेट पत्त्याने उघडलं तर बिघाड स्टार्टपेजच्या नोंदीत आहे. कुठूनच उघडत नसेल तर ॲप किंवा सर्व्हर बंद आहे, नाहीतर सर्व्हरचा आयपी बदललाय (पुढची तपासणी), आणि होमपेजच्या फाइली तूर्त उघडायची गरज नाही. या तपासणीने अर्धं शेत एका फटक्यात बाजूला पडतं, म्हणून ती पहिली.

हाताने टाइप करताना पुढे एचटीटीपी मुद्दाम लिहा. हल्लीचे ब्राउझर बरेचदा आपल्या मनाने एचटीटीपीएसकडे वळतात, आणि ज्या ॲपला प्रमाणपत्रच नाही ते उघडत नाही. लोकांना वाटतं ॲप मेलं.

२. सर्व्हरचा आयपी बदललाय का

वीज जाऊन आली आणि त्यानंतर 'एकही टाइल उघडत नाही' सुरू झालं, तर मी दुसरं काही बघतच नाही. राउटर आयपी भाड्याने देतो. वीज आल्यावर राउटर आणि सर्व्हर दोघंही नव्याने उठतात, आणि कालपर्यंत ५० वर असलेला सर्व्हर आज ५३ वर असू शकतो. टाइल्समध्ये मात्र ५० च लिहिलेलं.

राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तिथे सर्व्हरचा आत्ताचा आयपी दिसतो. स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेला असेल तर सर्व्हरवर 'होस्टनेम -आय' चालवा, यातला आय कॅपिटल.

आयपी बदलला असेल तर टाइल्स एकेक करून बदलत बसू नका. आधी राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाला) एक आयपी कायमचा बांधून टाका. जमलं तर जुनाच आयपी द्या, मग होमपेजमध्ये काहीच बदलावं लागत नाही. इथे एक अडचण हमखास येते: सर्व्हरला वायफाय आणि लॅन केबल दोन्ही असतील तर मॅक ॲड्रेसही दोन असतात. रिझर्व्हेशन वायफायच्या मॅकवर आणि सर्व्हर जोडलाय केबलने, असं झालं की पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच रडगाणं. सर्व्हरवरचं वायफाय बंदच करून टाका.

ज्यांना पुढचा त्रास वाचवायचाय त्यांनी आयपी एकाच जागी ठेवावा. होमपेजमध्ये 'होमपेज व्हार' ने सुरू होणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कंटेनरला बाहेरून दिलेली नावं आणि त्यांच्या किमती, बनवता येतात (शब्द अंडरस्कोरने जोडून, सगळी अक्षरं कॅपिटल) आणि फाइलींमध्ये दुहेरी महिरपी कंसात त्यांचं नाव लिहिलं की तिथे किंमत येऊन बसते. सर्व्हरचा आयपी असा एका व्हेरिएबलमध्ये टाकला की वीस टाइल्ससाठी एक ओळ बदलायची. एपीआय कीसुद्धा (विजेटला ॲपमधून माहिती मिळवायला लागणारी गुप्त किल्ली) अशाच ठेवा, म्हणजे कॉन्फिग फाइल कोणाला दाखवताना गुपितं उघडी पडत नाहीत.

हे व्हेरिएबल बदलल्यावर 'डॉकर कंपोज रीस्टार्ट' पुरत नाही. रीस्टार्ट जुनाच कंटेनर पुन्हा सुरू करतो, जुन्याच व्हेरिएबल्ससकट. 'डॉकर कंपोज अप -डी' चालवावं लागतं, तेव्हा कंटेनर नव्याने बनतो. "मी बदललं होतं, पण फरक पडला नाही" अशा तक्रारींमागे बहुतेकदा हेच असतं.

३. फोनवरच उघडत नसेल तर

फोन खरंच घरच्या वायफायवर आहे का बघा. सिग्नल कमी झाला की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घराबाहेरून पोहोचतच नाहीत. फोन गेस्ट वायफायवर असेल तरी तेच. गेस्ट नेटवर्क असतंच घरातल्या बाकी यंत्रांपासून वेगळं ठेवायला.

आयपीने उघडतं पण नावाने उघडत नाही, असं असेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सेवेचा. घरातली नावं पाय-होल किंवा ॲडगार्ड होममध्ये नोंदवलेली असतात, ती बाहेरच्या डीएनएसला माहीत नसतात. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' सुरू असेल तर फोन पाय-होलला बगल देऊन बाहेर विचारतो, आणि बाहेरून उत्तर येतं की असं नावच नाही. क्रोममधल्या 'सिक्युअर डीएनएस' चंही असंच. दोन्ही बंद करून बघा. शेवटी '.लोकल' असलेली नावं जुन्या अँड्रॉइड फोनवर चालतीलच याचा भरवसा नाही, तिथे सरळ आयपी द्या.

४. कंटेनर उभा आहे का

पानच उघडत नसेल तर सर्व्हरवर 'डॉकर पीएस -ए' चालवा. 'ए' महत्त्वाचा, त्याशिवाय बंद पडलेले कंटेनर यादीत येत नाहीत. होमपेजसमोर 'एक्झिटेड' दिसलं तर ते सुरू करण्याआधी 'डॉकर लॉग्ज होमपेज' वाचा. कारण शेवटच्या दहा ओळींत असतं, आणि कंटेनर नवा बनवलात तर जुने लॉग गेले.

वीज गेल्यानंतर कंटेनर आपोआप उठला नसेल तर कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये) रीस्टार्टची ओळ नसते. 'अनलेस-स्टॉप्ड' टाका, विषय संपला.

कंटेनर सुरू करताना पोर्ट आधीच घेतलेला असल्याची तक्रार आली तर ३००० चा घोळ बघा. होमपेज मुळात ३००० वर ऐकतं. ग्राफाना आणि गिटीसुद्धा. ॲडगार्ड होमचा पहिला सेटअपही ३००० वरच उघडतो. सर्व्हर बंद होऊन उठला की जो आधी उभा राहिला त्याने पोर्ट घेतला, दुसरा बाहेर. होमपेजचा बाहेरचा पोर्ट ३००१ वगैरे करून टाका. कंपोजमध्ये कोलनच्या डावीकडचा आकडा बदलायचा, उजवीकडचा ३००० तसाच ठेवायचा.

'माय फर्स्ट ग्रुप' दिसतंय त्यांच्यासाठी: घाबरून नवीन फाइल लिहायला बसू नका, तुमची जुनी फाइल बहुधा सुखरूप आहे. होमपेजला कॉन्फिग फोल्डर रिकामं दिसलं की ते त्यात स्वतःचा नमुना टाकतं. कॉन्फिग बाहेरच्या डिस्कवर किंवा नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवण यंत्रावर) असेल आणि वीज आल्यावर डॉकर त्या डिस्कच्या आधी उठला, तर त्या जागी नुसतं रिकामं फोल्डर असतं. तिथे नमुना लिहिला जातो. मागाहून डिस्क जोडली गेली तरी कंटेनर जुनंच फोल्डर धरून बसतो. कंटेनर थांबवा, डिस्क माउंट झालीय याची खात्री करा, मग पुन्हा 'अप -डी'. कॉन्फिगसारख्या चार छोट्या फाइली सर्व्हरच्या मुख्य डिस्कवरच ठेवाव्यात असं माझं ठाम मत आहे. नॅसवर सिनेमे ठेवा.

५. होस्ट व्हॅलिडेशन फेल्ड

काही न करता एका सकाळी हे आलं असेल तर रात्री कंटेनर आपोआप अपडेट झालाय. होमपेजच्या १.० आवृत्तीपासून कोणत्या पत्त्याने पान उघडायची परवानगी आहे ते आधी सांगावं लागतं. त्यासाठीचं व्हेरिएबल 'होमपेज अलाउड होस्ट्स', इथेही अंडरस्कोर आणि कॅपिटल.

नियम दोनच, आणि लोक त्या दोनातच अडकतात. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत जे दिसतं तेच लिहायचं, पण सुरुवातीचं एचटीटीपी आणि दोन तिरप्या रेघा वगळून. आणि पत्त्यात पोर्ट दिसत असेल तर तोही लिहायचा. म्हणजे १९२.१६८.१.५०:३००० असं. नावानेही उघडत असाल तर स्वल्पविराम देऊन ते पुढे जोडा. मागच्या तपासणीत पोर्ट ३००१ केला असेल तर इथेही ३००१.

तारांकन टाकून सगळ्यांना मोकळीक देता येते आणि इंटरनेटवर तोच सल्ला आधी सापडतो. ही तपासणी मुद्दाम ठेवलेली आहे. आपल्याच नावाची एक ओळ लिहायचा कंटाळा म्हणून ती काढू नका.

६. यॅमलची शिस्त

गट गायब झाला किंवा पानावर लाल चौकटीत फाइलीची तक्रार आली, तर शेवटचा बदल कुठे केला होता तिथे जा. होमपेजच्या फाइली यॅमल या पद्धतीने लिहितात, आणि यॅमलला टॅब चालत नाही, फक्त स्पेस. एका पातळीवरच्या ओळी एकाच रांगेत सुरू व्हायला हव्यात. फोनवरून फाइल बदलणाऱ्यांना हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून टॅब आणि स्पेस वेगवेगळे दाखवणारा एडिटर वापरा.

पासवर्ड आणि की नेहमी अवतरणात ठेवा. स्पेसनंतर हॅशचं चिन्ह आलं की यॅमल पुढचं सगळं शेरा समजून सोडून देतं. नुसत्या आकड्यांची की अवतरणाशिवाय दिली तर ती संख्या मानली जाते आणि सुरुवातीचे शून्य गळतात. मग ॲप म्हणतं, 'की' चुकीची, आणि आपण ती पुन्हा पुन्हा बनवत राहतो.

बुकमार्क्सच्या फाइलमध्ये गट, त्याखाली नाव, आणि नावाखाली पुन्हा एक हायफन अशी रचना असते. सर्व्हिसेसच्या फाइलमध्ये तो शेवटचा हायफन नसतो. एका फाइलमधून दुसरीत कॉपी केलं की गाडी इथेच घसरते.

फाइल बरोबर असूनही बदल दिसत नसेल तर पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातलं रिफ्रेशचं चिन्ह दाबा. ब्राउझरचा रिफ्रेश आणि हा रिफ्रेश वेगळे.

७. कंटेनरच्या जागी बसून बघा

ॲप उघडतंय पण विजेट लाल, या लक्षणाचं मूळ जवळजवळ नेहमी इथे सापडतं, म्हणून इथे जरा वेळ काढा.

पहिला संशयित 'लोकलहोस्ट'. विजेटच्या पत्त्यात कोणी लोकलहोस्ट:८०९६ लिहिलेलं असतं. "जेलीफिन त्याच मशीनवर तर आहे!" मशीन तेच, पण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे कंटेनर स्वतः. होमपेज स्वतःच्याच पोटात जेलीफिन शोधतं आणि तिथे ते नसतं. त्या जागी सर्व्हरचा आयपी लिहा.

किंवा कंटेनरचं नाव लिहा, पण अटी समजून घेऊन. दोन्ही कंटेनर आपण बनवलेल्या एकाच डॉकर नेटवर्कवर असले तरच नावाने हाक मारता येते. डॉकरच्या मूळच्या ब्रिज नेटवर्कवर नावं चालत नाहीत. एका कंपोज फाइलमधले कंटेनर आपोआप एका नेटवर्कवर येतात, वेगवेगळ्या फाइलींमधले येत नाहीत. आणि नावाने जाताना पोर्ट आतला लागतो. समजा कंपोजमध्ये ८०९७:८०९६ लिहिलंय. सर्व्हरच्या आयपीने गेलात तर ८०९७, कंटेनरच्या नावाने गेलात तर ८०९६. इथे भले भले फसतात, कारण ब्राउझरमध्ये ८०९७ चालताना दिसत असतं.

आता प्रत्यक्ष बघा. 'डॉकर एक्झेक होमपेज डब्ल्यूगेट --स्पायडर' आणि पुढे विजेटमध्ये लिहिलेला पत्ता जसाच्या तसा. ही विचारणा कंटेनरच्या आतून होते, म्हणजे होमपेजला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं. उत्तर काय आलं यावर पुढचं ठरतं:

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे यंत्र सापडलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. पोर्ट किंवा लोकलहोस्टची चूक.

'बॅड ॲड्रेस', किंवा होमपेजच्या लॉगमध्ये 'ईनॉटफाउंड' किंवा 'ईएआय अगेन', म्हणजे नावाचा आयपी मिळाला नाही. नेटवर्क वेगळं किंवा डीएनएस चुकीचं.

काहीच उत्तर नाही, नुसता टाइमआउट, तर मध्ये फायरवॉल आहे. ॲप डॉकरमध्ये नसून थेट सर्व्हरवर बसवलेलं असेल आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये फक्त १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या घरच्या पत्त्यांना परवानगी दिली असेल, तर कंटेनरची विनंती १७२ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून येते आणि दारातच अडवली जाते. त्या डॉकर नेटवर्कलाही परवानगी द्या. अख्खी फायरवॉल बंद करून 'आता चालतंय' म्हणणं हा इलाज नव्हे.

४०१ किंवा ४०३ आला तर खूश व्हा, वाट मोकळी आहे. या तपासणीत आपण की दिलेलीच नसते, त्यामुळे ॲपने ओळख विचारणं साहजिक आहे. तरीही पानावर विजेट लाल असेल तर मग की चुकीची आहे, किंवा ॲपने एपीआय बदललाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाय-होलची सहावी आवृत्ती आली, तिचा एपीआय पूर्ण वेगळा, आणि घरोघरी पाय-होलचं विजेट लाल झालं. तिथे विजेटखाली व्हर्जन ६ अशी एक ओळ वाढवावी लागते. एखाद्या ॲपच्या मोठ्या अपडेटनंतर फक्त त्याचंच विजेट गेलं असेल तर होमपेजच्या दस्तऐवजात त्या विजेटचं पान आधी वाचा.

प्रमाणपत्राची तक्रार आली तर पत्त्यात एचटीटीपीएस आहे का बघा. घरातल्या घरात कंटेनरने ॲपला विचारताना साधं एचटीटीपी पुरतं. विजेटच्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ राहिली असेल तर तीही काढा.

आणि ठिपक्यावर आंधळा विश्वास नको. 'पिंग' लावलेला ठिपका हिरवा म्हणजे यंत्र जिवंत, एवढंच. त्यावरचं ॲप कोसळलेलं असलं तरी पिंग हिरवाच राहतो. ॲपची तब्येत बघायची तर 'साइट मॉनिटर' लावा, तो खरोखर पान मागून बघतो.

८. डॉकर सॉकेट

कंटेनरवरच्या लेबल्समधून आपोआप येणाऱ्या टाइल्स गेल्या आणि फाइलमध्ये हाताने लिहिलेल्या राहिल्या, तर होमपेजला सॉकेटमधून, म्हणजे डॉकरला आज्ञा द्यायच्या वाटेने, डॉकरशी बोलता येत नाहीये. लॉगमध्ये परवानगी नाकारल्याची ओळ असेल. पीयूआयडी आणि पीजीआयडी (कंटेनर कोणत्या वापरकर्त्याच्या आणि गटाच्या क्रमांकाने चालवायचा ते) दिलेले असतील तर पीजीआयडी सर्व्हरवरच्या डॉकर गटाचा असायला हवा. 'गेटएंट ग्रुप डॉकर' ने तो आकडा मिळतो. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केला की हा आकडा बदलू शकतो आणि जुनी कंपोज फाइल मुकाट्याने चुकीची ठरते.

सॉकेट हातात असणं म्हणजे सर्व्हरच्या किल्ल्या हातात असणं. 'रीड ओन्ली' लिहून जोडला तरी त्यातून दिल्या जाणाऱ्या आज्ञा थांबत नाहीत. शक्यतो मध्ये सॉकेट प्रॉक्सी ठेवा, म्हणजे ठरावीकच आज्ञा पुढे सोडणारा मध्यस्थ.

९. रिव्हर्स प्रॉक्सी

ब्राउझरची विनंती घेऊन योग्य ॲपकडे पोचवणारी इंजिन-एक्स प्रॉक्सी मॅनेजर किंवा कॅडीसारखी रिव्हर्स प्रॉक्सी वाटेत असेल आणि ५०२ ही एरर येत असेल तर प्रॉक्सी ठीक आहे, तिच्या मागचा पत्ता चुकलाय. पुन्हा दुसऱ्या आणि सातव्या तपासणीकडे जा. प्रमाणपत्राची मुदत संपल्याची सूचना असेल तर लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र नूतनीकरणाविना राहिलंय. कारण प्रॉक्सीच्या लॉगमध्ये मिळेल.

१०. डिस्क आणि वीजपुरवठा

वरचं सगळं ठीक असूनही कंटेनर दर थोड्या वेळाने पडत असेल तर 'डीएफ -एच' चालवा, डिस्क किती भरलीय ते कळतं. डॉकर कंटेनरचे लॉग मूळ सेटिंगमध्ये मर्यादेशिवाय वाढत राहतात. एखादं बडबडं ॲप महिनोन् महिने लिहीत बसलं की डिस्क १०० टक्के. लॉगला कमाल आकार ठरवून द्या. जागा मोकळी करायला 'डॉकर सिस्टिम प्रून' मारताना व्हॉल्यूमचा (ॲपचा डेटा ठेवायच्या जागेचा) पर्याय जोडू नका, त्यात वापरात नसलेल्या व्हॉल्यूममधला डेटाही जातो.

सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर 'डीमेसेज' मध्ये (सिस्टिमच्या संदेशांच्या यादीत) 'अंडर-व्होल्टेज' शोधा. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. फोनच्या जुन्या चार्जरवर तो सुरू होतो, पण काम वाढलं की लटपटतो. तिथेच 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' किंवा 'आय/ओ एरर' दिसलं तर एसडी कार्ड मरणपंथाला लागलंय. कॉन्फिगची प्रत ताबडतोब दुसरीकडे काढा आणि कार्ड बदला. दुरुस्त करत बसू नका, कार्ड स्वस्त असतं.

इथे थांबा

हार्ड डिस्क टकटक आवाज करतेय, किंवा डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल' मध्ये पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढत चाललेत, आणि घरच्या फोटोंची दुसरी प्रत कुठेच नाही: सर्व्हर बंद करा. पुन्हा सुरू करून बघू नका, दुरुस्तीची कोणतीही कमांड चालवू नका. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे डिस्क न्या. प्रत्येक वेळी डिस्क सुरू केली की वाचण्याजोगा भाग कमी होऊ शकतो.

जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरताय आणि टचपॅड वर उचललाय किंवा खालची बाजू फुगलीय: बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात: प्लग काढा आणि वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालवत असाल तर त्याला आल्या आल्या तेच आधी सांगा.

घराबाहेरून पान उघडायचंय आणि पोर्ट फॉरवर्ड करूनही उघडत नाही: राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय, आणि राउटरमध्ये कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. इंटरनेट कंपनीकडे स्थिर सार्वजनिक आयपी मागा, नाहीतर टेलस्केल किंवा तत्सम व्हीपीएन वापरा. सार्वजनिक आयपी मिळाला तरी होमपेज उघड्यावर टाकू नका. मूळ मांडणीत ते कोणालाच पासवर्ड विचारत नाही, आणि घरातल्या सगळ्या ॲप्सची यादी त्यावर मांडलेली असते.

तुम्ही न टाकलेला एखादा कंटेनर यादीत दिसतोय, प्रोसेसर विनाकारण १०० टक्क्यांवर आहे: लॅन केबल काढा, वायफाय बंद करा, आणि सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. तोवर काही पुसू नका, त्याला ते बघायला लागेल.

कोणालाही बोलवण्याआधी एवढं एका कागदावर काढून ठेवा: सर्व्हरचा आत्ताचा आयपी, 'डॉकर पीएस -ए' चं उत्तर, होमपेजच्या लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी, आणि शेवटचं नीट चालल्यापासून घरात काय बदललं, म्हणजे राउटर बदलला, वीज गेली, अपडेट केला, पासवर्ड बदलला. लॉगमध्ये एपीआय की असतील तर त्या खोडून द्या.